एच. पायलोरी: दोन कोर्स, तीन ब्रेथ टेस्ट आणि माझे आठ महिने

ज्यांच्या हातात आज ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ असा कागद पडलाय, म्हणजे जठरात राहून अल्सर (आतली जखम) करू शकणारा हा जंतू ज्यांच्या पोटात सापडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते, भांडुपला राहते. खाली गोळ्यांचे जे आकडे आहेत ते माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण कुठे थांबावं लागतं, कुठे चूक होऊ शकते आणि किती पैसे लागतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझा निम्मा त्रास वाचला असता.

सुरुवात २०१८ च्या आसपासची. बेंबीच्या वर, बरगड्या मिळतात तिथे, कुरतडल्यासारखं दुखायचं. रात्री दोन-अडीचला हमखास जाग यायची. काही खाल्लं की तासभर बरं, मग पुन्हा तेच. घरी, ऑफिसात, लोकलमध्ये सगळ्यांचं एकच निदान: पित्त. मोरावळा झाला, थंड दूध झालं, जिऱ्याचं पाणी झालं. सासूबाईंनी आमसुलं भिजवून दिली. केमिस्टकडून पँटोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळीची, पट्टी आणायची, आठ-दहा दिवस घ्यायची, बरं वाटलं की सोडायची. असं पाच वर्षं चाललं. त्या पाच वर्षांत मी सतत स्वतःलाच दोष देत होते. माझं जेवण वेळेवर नाही, मी तिखट खाते, मी फार काळजी करते, मार्च अखेरीचं टेन्शन घेते. माहेरची मिसळ सोडली, लोणचं सोडलं, संध्याकाळचा चहा सोडला. दुखणं काही सुटलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ऑफिसतर्फे तपासणी झाली आणि हिमोग्लोबिन ८.९ आलं. भांडुप स्टेशनचा पूल चढताना मला मधे थांबावं लागायचं, ते वयामुळे असं मी धरून चालले होते. वय ४३. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ करायला लावलं, दोन्ही खाली. लोहाच्या गोळ्या लिहून देता देता ते म्हणाले, “ताई, रक्त कुठे जातंय ते आधी बघायला हवं. नुसतं भरून काय उपयोग?” त्यांनी मुलुंडच्या एका गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टच्या (पोटविकारतज्ज्ञाच्या) नावाने चिठ्ठी दिली.

३ फेब्रुवारी, शुक्रवार. फी १,५०० रुपये, दीड तास थांबले. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न लिहून ठेवते, कारण उत्तरं तयार असली तर वेळ वाचतो: वजन कमी झालंय का, शौच डांबरासारखी काळी होते का, उलटीत रक्त, गिळताना घास अडकणं, घरात कुणाला पोटाचा कॅन्सर, आणि डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या किती खाता. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. माझं वजन चार किलो उतरलं होतं. एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठर आतून बघणं) ठरली, पण लगेच नाही. आधी १५ दिवस पँटोप्राझोल पूर्ण बंद, कारण ती गोळी चालू असताना जंतू दबून बसतात आणि तपासणीत सापडत नाहीत. दुखलं तर फक्त पातळ अँटासिड घ्यायचं.

ते १५ दिवस फार वाईट गेले. पाच वर्षं गोळीने दाबलेलं आम्ल एकदम उसळून वर आलं. रात्री उशी उंच करून, जवळजवळ बसूनच झोपायचे. असं झालं तर घाबरू नका, गोळी बंद केल्यावर काही दिवस असं होतं. पण सहनच होईना तर डॉक्टरांना फोन करा, मनाने पुन्हा चालू करू नका.

१८ फेब्रुवारीला शनिवार होता आणि महाशिवरात्रही. घरात सगळ्यांचा उपास, माझा तर पाण्याचाही. आदल्या रात्री नऊनंतर काही खायचं नव्हतं. सोबत एक माणूस लागतोच, कारण गुंगीचं औषध देतात आणि त्या दिवशी एकटीला सोडत नाहीत. नवऱ्याने सुट्टी टाकली होती. घशात फवारा मारला, कडू होता, दोन मिनिटांत गिळल्याचंही कळेना. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकचं कडं दिलं. सिस्टर माझा हात धरून सांगत राहिल्या, “नाकाने श्वास घ्या, ताई, नाकाने.” त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. सगळं मिळून दहा मिनिटं.

पुढचं नवऱ्याने पाहिलं. नखाएवढ्या खाचेत पिवळी जेल भरलेलं एक छोटं कार्ड होतं. जठराच्या आतल्या अस्तराचा कण, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, त्या जेलमध्ये टोचून ठेवला. टेक्निशियनने त्याला सांगितलं, रंग बदलतो का बघत बसा. त्या जेलमध्ये युरिया असतो. हे जंतू युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतात, ते युरियाचा अमोनिया करतं आणि अमोनियाने जेलचा रंग बदलतो. त्याच अमोनियाच्या आडोशाने हा जंतू जठरातल्या आम्लात जिवंत राहतो. कणीच्या भोवती आधी एक गुलाबी कडा आली. ती पसरत गेली आणि वीस मिनिटांत अख्खी खाच राणी कलरची झाली. मी शुद्धीवर आले तेव्हा नवरा ते कार्ड हातात धरून उभा होता. म्हणाला, “हे बघ. हा तुझा स्वभाव नाही, हा जंतू आहे.” मला रडू आलं. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दुखणं डोळ्यांना दाखवलं होतं.

अहवालात लहान आतड्याच्या सुरुवातीला एक अल्सर आणि जठराला सूज असं होतं. एंडोस्कोपी आणि कार्ड मिळून ६,२०० रुपये, बायोप्सीचे १,६०० वेगळे. बायोप्सी २५ फेब्रुवारीला आली, कॅन्सरचं काही नाही. तो आठवडा कसा काढला ते लिहवत नाही.

डॉक्टरांनी त्या दिवशी वेळ देऊन समजावलं. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू वेगळा करून दाखवला. तोवर जगभर हेच धरलेलं, की अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो आणि इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाही. लोक मानेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच त्या जंतूंचं द्रावण पिऊन पाहिलं आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने हा जंतू कॅन्सरकारक गटात घातला होता. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो, बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. ज्यांना अल्सर होतो त्यांनी मात्र तो मुळापासून काढायचा. मी विचारलं, म्हणजे माझ्या तिखटामुळे नाही? ते म्हणाले, “नाही, ताई. तिखटाने झोंबत असेल, पण अल्सर तिखटाने केलेला नाही.”

पहिला कोर्स २७ फेब्रुवारी ते १२ मार्च, १४ दिवस. क्लॅरिथ्रोमायसिन ५००, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि आम्ल कमी करणारी गोळी, तिन्ही सकाळ-संध्याकाळ. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. औषधं २,१०० रुपयांची. तिसऱ्या दिवसापासून तोंडात नाणं धरून ठेवल्यासारखी चव. होळीची पुरणपोळी मला कडू लागली. जुलाब चार दिवस झाले. एकही डोस चुकवला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण पुढे कोर्स फसल्यावर पहिली शंका मला माझ्यावरच आली.

अल्सर भरून यावा म्हणून आम्लाची गोळी आणखी आठ आठवडे, रोज एक, चालू ठेवायला सांगितली होती. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी ब्रेथ टेस्ट करायची, असंही कागदावर लिहिलं होतं. या दोन सूचना एकमेकींना छेद देतात, हे मला कळलं नाही.

१५ एप्रिलला मी घराजवळच्या एका लॅबमध्ये गेले. रिकाम्या पोटी एका पिशवीत फुंकायचं, मग युरिया मिसळलेलं पेय प्यायचं, अर्धा तास स्वस्थ बसायचं, दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. त्या युरियातला कार्बन खुणेचा असतो. पोटात जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. दुखत काही नाही. २,८०० रुपये. काउंटरवर अँटिबायोटिकबद्दल विचारलं, आम्लाच्या गोळीबद्दल कुणी विचारलं नाही. ती मी आदल्या दिवशीही घेतली होती. रिपोर्ट निगेटिव्ह. घरी पेढे आणले, सासूबाईंनी देवापुढे ठेवले.

मे महिन्यात गोळी संपली. जूनच्या शेवटी, आषाढीच्या आठवड्यात, रात्री अडीच वाजता पुन्हा जाग आली आणि बेंबीच्या वर तेच कुरतडणं. मी नवऱ्याला उठवलं नाही. सकाळपर्यंत स्वयंपाकघरात बसून होते.

८ जुलैला डॉक्टरांनी एप्रिलचा रिपोर्ट पाहून एकच विचारलं, “तेव्हा गोळी चालू होती?” मी ‘हो’ म्हटलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. १५ दिवस आम्लाची गोळी अजिबात घ्यायची नाही, २४ जुलैला पुन्हा टेस्ट, पुन्हा २,८००. पॉझिटिव्ह. मला स्वतःचा फार राग आला होता. डॉक्टर म्हणाले की आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू बरेच आहेत, पहिला कोर्स फसतो आणि त्यात रुग्णाचा दोष नसतो.

हे मात्र लिहून फाइलच्या वरच चिकटवा: ब्रेथ टेस्ट असो, शौचाची अँटिजेन टेस्ट (शौचात जंतूचे अंश शोधणारी) असो की एंडोस्कोपीतलं कार्ड, त्याआधी आम्लाची गोळी दोन आठवडे बंद, अँटिबायोटिक आणि बिस्मथ (हे औषध पुढे दुसऱ्या कोर्समध्ये येईल) चार आठवडे बंद. लॅबने विचारो न विचारो. आणि कोर्सनंतर जंतू गेला का हे बघायला रक्ताची अँटिबॉडी टेस्ट करू नका. जंतू गेल्यावरही ती कितीतरी महिने पॉझिटिव्ह राहते.

दुसऱ्या कोर्सला चार औषधं: बिस्मथ १२०, टेट्रासायक्लिन ५००, मेट्रोनिडाझोल ४०० आणि आम्लाची गोळी. पुन्हा १४ दिवस. अडचण निघाली ती टेट्रासायक्लिनची. भांडुपमध्ये पाच दुकानं झाली, मुलुंडला तीन, कुणाकडे नाही. एक केमिस्ट म्हणाला, डॉक्सीसायक्लिन घ्या, तेच असतं. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले तेच नसतं, या जंतूवर ते कमी पडतं, थोडं शोधा. शेवटी लंच टाइममध्ये मरीन लाइन्सजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. औषधांच्या घाऊक दुकानांची ती गल्ली. तिथे चौथ्या दुकानात ५६ कॅप्सूल मिळाल्या. प्रिस्क्रिप्शनची मूळ प्रत मागतात, झेरॉक्स चालली नाही. एकदम १४ दिवसांचा साठा घ्या, मधे तुटवडा आला तर कोर्स वाया जाईल. सगळी औषधं मिळून १,९०० रुपये.

५ ऑगस्टला सुरू केलं. दिवसाला १३ गोळ्या, १४ दिवसांच्या १८२. टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दोन तास दूध, दही, कॅल्शियम, लोह काही चालत नाही, म्हणून सगळं वेळापत्रक चहाभोवती बांधावं लागलं. पावणेसहाला उठून चहा. सातला आम्लाची गोळी. पावणेआठला नाश्त्यानंतर तीन. दीडला डब्यानंतर तीन, डब्यातलं ताक बंद. चारचा ऑफिसचा चहा. सहाला निघण्याआधी दोन. साडेआठला एक. दहाला जेवणानंतर तीन, भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, कारण कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. लोहाची गोळी तेवढे दिवस बंदच ठेवली. मुलाने चौदा दिवसांचा तक्ता आखून फ्रिजवर लावला. गोळी घेतली की चौकोनात फुली. ज्या दिवशी तेरा चौकोन भरायचे, त्या रात्री तो खाली आपली सही करायचा.

चौथ्या दिवशी ऑफिसच्या बेसिनपाशी चूळ भरताना आरशात जीभ दिसली. मधोमध काळी, कडेला राखाडी, जणू कोळसा चघळलाय. बिस्मथने असं होतं. शौचही काळी होते. हे आधी सांगितलेलं असूनही पोटात गोळा आला. फरक असा की बिस्मथची शौच नुसती काळी असते. चिकट, डांबरासारखी आणि घाण वास असलेली असेल, किंवा चक्कर येत असेल, तर ते रक्त असू शकतं, लगेच डॉक्टरांना कळवायचं. टेट्रासायक्लिनने ऊन बाधतं, म्हणून पाऊस नसतानाही छत्री उघडून चालायचे. मेट्रोनिडाझोलने मळमळ. दारू या काळात अजिबात चालत नाही, अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंसुद्धा नाहीत.

तेव्हा अधिक श्रावण होता. १३ ऑगस्टला आईने जावयाला धोंड्याच्या जेवणाला ठाण्याला बोलावलं होतं. नववा दिवस. तिने अनारसे केले होते, तेहतीस मोजून. मला वासानेच ढवळून आलं. आईने न बोलता मला मऊ भात, मेतकूट आणि थोडंसं तूप वाढलं. त्या १४ दिवसांत चव लागलेलं तेवढं एकच जेवण मला आठवतं.

एक गोष्ट मनाला लागली, तीही लिहिते. हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे कळल्यावर सासूबाईंनी माझा कप आणि ताट वेगळं ठेवलं. रागाने नाही, भीतीने. पण रोज जेवताना डोळ्यांत पाणी यायचं. पुढच्या भेटीत मी त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, “आजी, भांडी नेहमीसारखी घासलीत की झालं. एकमेकांचं उष्टं खाऊ नका, शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा, पाणी स्वच्छ प्या. वेगळं ताट नको.” घरी आल्यावर त्यांनी माझं ताट मांडणीवर सगळ्यांच्या ताटांत ठेवलं. घरातल्यांना सोबत न्या. तेच वाक्य आपण सांगून उपयोग होत नाही.

१८ ऑगस्टला कोर्स संपला. पुढे गोळी नाही, लागलं तर अँटासिड. यावेळी घाई केली नाही. १५ सप्टेंबरला चार आठवडे होत होते, पण गणपती दारात होते आणि मला शांतपणे जायचं होतं. ३० सप्टेंबरला, सहा आठवड्यांनी, दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथे एक छापील फॉर्म भरून घेतला, त्यात आम्लाच्या गोळीचा प्रश्न वेगळ्या ओळीत होता. ती ओळ भरताना हात थरथरला. ३ ऑक्टोबरला रिपोर्ट आला. सीमा ४ ची होती, माझा आकडा ०.७, म्हणजे निगेटिव्ह. मी तो ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तीनदा वाचला. पेढे आणले नाहीत, डॉक्टरांनी पाहून होकार दिल्यावर आणले.

पैशांचं सांगते. तीन भेटी, एंडोस्कोपी, बायोप्सी, दोन कोर्स, तीन ब्रेथ टेस्ट मिळून २३,७०० रुपये. रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. यातले २,८०० चुकीच्या वेळी केलेल्या टेस्टचे. पहिल्या टप्प्याच्या ९,३०० रुपयांचा मेडिक्लेम टाकला होता, मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन, अहवाल सगळं जोडून. महिन्याने नामंजूर झाला: २४ तास दाखल नव्हता आणि तपासणी फक्त निदानासाठी होती. माझा रोजचा व्यवहारच कागदांशी, तरी ती अट मी आधी वाचली नव्हती. पॉलिसीत ओपीडीचं, म्हणजे दाखल न होता झालेल्या खर्चाचं, कलम आहे का, हे एंडोस्कोपीच्या आधीच बघा. पैशांची चणचण असेल तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी कितीतरी कमी खर्चात होते. केसपेपरच्या रांगेला सकाळी लवकर लागावं लागतं आणि तारीख पुढची मिळते, पण डॉक्टर तितकेच चांगले असतात.

लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. जानेवारी २०२४ मध्ये हिमोग्लोबिन १२.१ होतं. भांडुपचा पूल आता एका दमात चढते.

नवऱ्यालाही बरीच वर्षं जळजळ होती, तो कधी बोलला नव्हता. दिवाळीआधी त्याची टेस्ट केली, पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी त्याला सरळ चार औषधांचाच कोर्स दिला. भाऊबीज झाल्यावर, २० नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या त्या दुकानातून कॅप्सूल मीच आणल्या, मूळ प्रिस्क्रिप्शन घेऊन. मुलाने कपाटातल्या फाइलमधून जुना तक्ता काढला, त्याच मापाने नवा आखला आणि वर ‘बाबा’ लिहून फ्रिजवर लावला.